कौन्सिलर वारला, बिरामला जेवायला वाढा

आमच्या फारोतेंडात सत्ता डोकी न फुटता कशी बदलली, याचा अभ्यास करायला राजधानीहून एक मोठी गाडी आली. गाडीतल्या मंडळींनी इमामांना गाठलं, हेडमास्तरांना गाठलं, पोलीस ठाण्यातल्या साहेबांना गाठलं, हरलेल्या कौन्सिलरांनाही गाठलं. आता फक्त नव्या कौन्सिलरबाई राहिल्या होत्या. त्यांची वेळ चारची होती, म्हणून मधल्या वेळात चाकात हवा भरायला ते माझ्या दुकानात आले. त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी मलाही विचारलं, "आफ्रिकेतली लोकशाही बळकट व्हावी म्हणून तुम्ही नेत्यांना काय सल्ला द्याल?"

मी म्हटलं, "बाई, मी सायकली दुरुस्त करतो."

त्या हसल्या. रस्त्याच्या पलीकडे सिबो जार्जू कालवं विकत बसली होती. तिच्याकडून त्यांनी कपभर कालवं घेतली, महाग आहेत म्हणून कुरकुर केली आणि तिला काहीएक न विचारता निघून गेले. गावाची अब्रू जिनं वाचवली ती समोर बसलेली, आणि हे हात पुसायला कागद मागत होते. माझं डोकं फिरलं. अहवालात सिबो येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

सिबो जोला आहे. फोनी भागाकडून लग्न होऊन इथे आली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिवरांच्या खाडीत कालवं काढते. भरती ओसरली की होडी घेऊन जायचं, चिखलात उभं राहायचं आणि मुळांना चिकटलेली कालवं कोयत्यानं सोडवायची. शिंपल्यांनी हात फाटतात म्हणून या बायका हातांत जुने पायमोजे घालतात. तरी सिबोचे हात बघवत नाहीत. वर्षातले काही महिने कालवं वाढावीत म्हणून खाडी बंद ठेवायची, असा या बायकांनी आपसांत नियम केलाय. एकदा सिबोची स्वतःची सून बंदीत खाडीत शिरली. सिबोनं तिची टोपली सगळ्यांसमोर पाण्यात उपडी केली. सून महिनाभर बोलली नाही. सिबो म्हणाली, "तेवढीच घरात शांतता."

तोंडाची अशी तिखट. तिच्या डोक्यावर सदैव एक गवती टोपी असते, कडा कुरतडलेली. त्या टोपीची गोष्ट आधी सांगायला हवी.

जोला आणि सेरेर या आमच्याकडच्या दोन जमाती. फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून निघाल्या. वादळात होडी मधोमध फुटली. एक तुकडा उत्तरेला लागला, एक दक्षिणेला. एकीची लेकरं सेरेर झाली, दुसरीची जोला. तेव्हापासून दोघांना एकमेकांची वाटेल ती टवाळी करायचा हक्क आहे. मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा तुम्ही पाहिली असेल, ही तिच्यावर ताण. सेरेर जोलाला आपला गुलाम म्हणणार, जोला सेरेराला. कितीही झोंबलं तरी रागवायचं नाही. आणि सेरेराच्या घरी मयत झालं की जोला हवाच. रडणाऱ्यांच्या मधोमध तो मेलेल्या माणसाची नक्कल करतो, लोक रडता रडता हसतात. मग तो मयत अडवतो. त्याचा मान म्हणून काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय तिरडी हलत नाही.

बिराम जूफ हा आमचा सेरेर. कोळ्याचा मुलगा. त्याचा बाप गुडघेदुखीनं जन्मभर कण्हत असे. तो वारला तेव्हा सिबो त्याच्यासारखी लंगडत अंगणात शिरली आणि तिरडीजवळ बसून म्हणाली, "अरे, जरा हळू उचला, माझा गुडघा!" ओक्साबोक्शी रडणारा बिराम तसाच फिसकन हसला. मान म्हणून सिबोनं म्हाताऱ्याची टोपी मागून घेतली. तीच ही टोपी.

पुढे बिराम कौन्सिलर झाला. सुरुवातीला माणूस चांगला होता, हे मी त्याला कधी मत दिलं नसूनही सांगतो. सकाळी बाजारातून जाताना सिबो त्याला हाक मारायची, "ए गुलामा! धक्क्यावरचा दिवा गेलाय. तुझ्या बापाचा गुडघा तुझ्या डोक्यात शिरलाय का?" बाजार हसायचा, बिरामही हसायचा, आणि स्वतः शिडी घेऊन जायचा. कोळ्यांसाठी बर्फघर त्यानंच आणलं. पहाटे होड्या लागल्या की बर्फघर उघडायचं. किल्ली त्याच्या कमरेला.

मग एकदा राजधानीहून पाहुणे आले असताना सिबोनं त्याला असंच काहीतरी सुनावलं. पाहुण्यांचे चेहरे बघून बिरामला लाज वाटली. संध्याकाळी त्यानं निरोप पाठवला, "आक्का, पाहुण्यांदेखत नको." सिबोनं मानलं. पण पुढे रोजच कोणी ना कोणी पाहुणा असायचा. आधी पाहुण्यांदेखत बंद झालं, मग बाजारात, मग दारावर एक धिप्पाड माणूस बसला. भोवती सगळे मान डोलावणारे. दिवा पुन्हा गेला तो गेलाच. एवढ्या वर्षांच्या कौन्सिलराला आपण हरू शकतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण?

निवडणुकीत त्याच्यासमोर रोहे जोब उभी राहिली. शाळेतली मास्तरीण, तरुण, आवाज खणखणीत. बिरामनं आपल्यामागे फिरणाऱ्या पोरांना नव्या सायकली वाटल्या, लाल रंगाच्या. हँडलवर चकचकीत घंट्या.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे कागदावर शिक्का मारत नाहीत. मतदाराला एक काचेची गोटी देतात. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचं एक पत्र्याचं पिंप असतं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पिंपाच्या नळीत गोटी टाकायची. आत घंटी एकदाच वाजते आणि गोटी खालच्या वाळूत गप्प पडते. बाहेर रांगेतला प्रत्येक जण कान देऊन असतो. एक माणूस आत गेला, एक ट्रिंग. दोन झाले तर चोरी. सायकलची घंटीही तशीच वाजते, म्हणून त्या दिवशी मतदानाच्या शाळेच्या आसपास सायकलला बंदी. मी तर आदल्या दिवशीच दुकानातल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या काढून डब्यात भरतो. घंट्या परत बसवताना माझी पाठ मोडते, पण रीत ती रीत.

मतदानाच्या दुपारी एक म्हातारा आत गेला. ट्रिंग. आणि लगेच पुन्हा, ट्रिंग. रांगेत एकच गलका. अधिकारी धावत बाहेर आला. बघतात तर कुंपणाला टेकून बिरामच्याच पोरांपैकी एक जण लाल सायकलवर, अंगठा घंटीवर. नवी सायकल, हात शिवशिवला असेल. अधिकाऱ्यानं कान धरून त्याला हाकललं, दोन्ही बाजूंची माणसं पोट धरून हसली, मतदान पुढे चालू झालं. मी रांगेतच होतो.

संध्याकाळी गोट्या मोजल्या. बिराम हरला, तोही थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जाहीर केलं, "घंटी दोनदा वाजली. अख्ख्या गावानं ऐकली. मतं दोनदा पडली आहेत. ही निवडणूक मी मानत नाही." आणि बर्फघराला कुलूप. किल्ली द्यायला साफ नकार. लाल सायकलीवाली पोरं बर्फघरासमोर ठाण मांडून बसली.

जे काल पोट धरून हसले होते त्यांतलेच काही आज म्हणू लागले, "हो, दोन ट्रिंग आम्हीही ऐकल्या." ऐकल्या तर होत्याच! खोटं बोलायची गरजच पडली नाही, अर्धं खरं पुरलं.

पुढच्या पहाटे होड्या लागल्या, बर्फ नाही. दुपारपर्यंत धक्क्यावर उभं राहवेना. कोळ्यांनी मासळीच्या पाट्या वाळूत ओतल्या, कावळे-घारींची चंगळ झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आता कोळ्यांची पोरं वल्ही घेऊन बर्फघराकडे बघत उभी राहिली होती, आणि लाल सायकलवाल्यांनी कुठूनतरी दांडकी आणली होती. ठाण्यातले शिपाई सावली सरकेल तसे सरकत होते. रोहे जोबला लोक म्हणत होते, "तुम्ही फक्त हो म्हणा, कुलूप फोडतो." ती हो म्हणत नव्हती, पण किती वेळ नाही म्हणेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारपर्यंत किल्ली हलली नसती तर कोणाच्या तरी आईचा मुलगा गेला असता. हे मी वाढवून सांगत नाही. सगळी शहाणी माणसं बिरामकडे जाऊन आली होती. इमामांनी समजावलं, हेडमास्तरांनी कायदा सांगितला. बिरामचं एकच, "घंटी दोनदा वाजली."

तेवढ्यात सिबो माझ्या दुकानात आली.

"माटार, एक घंटी दे."

"कसली?"

"सायकलची. डबाभर काढून ठेवल्यास ना?"

"कशाला?"

"मर्तिक आहे."

"कोण गेलं?"

"चल, दाखवते."

मी म्हटलं, "आक्का, मी कशात पडत नाही. आपण बरं, आपलं काम बरं."

"पडू नकोस. नुसता उभा राहा. घंटी मात्र खणखणीत दे, तुझ्यासारखी गंजलेली नको."

दिली. आणि मागोमाग गेलो.

कालवंवाल्या सगळ्या बायका डोक्याला पांढरी फडकी बांधून रस्त्यात जमल्या होत्या. सिबोनं छाती पिटून सूर लावला, "अगं बाई गं, गेला गं! आमचा गुलाम गेला गं!" बायकांनी ओढून धरला. घराघरांतून माणसं बाहेर आली. "कोण गेलं? कोण गेलं?" सिबो रडता रडता सांगे, "कौन्सिलर गेला रे!" खरं वाटून दोघं-तिघं धावतसुद्धा सुटले. वल्हीवाले बर्फघर सोडून मागे आले, दांडकीवालेही आले. मर्तिकाला जायचं नाही असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

बिराम पडवीत आपल्या मोठ्या खुर्चीत बसला होता. आपलंच मर्तिक दारात आलेलं पाहून तो उठून उभा राहिला. दारावरचा धिप्पाड माणूस आडवा झाला. इतक्यात बिरामची बायको हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्यावर ओरडली, "जोलाला दारात अडवतोस? माझ्या घरात? हो बाजूला!"

सिबो सरळ पडवीत चढली आणि बिरामच्या खुर्चीत बसली. कालवाचा शिंपला कानाला लावला. "हॅलो? मी मीटिंगमध्ये आहे. दिवा? कुठला दिवा? उद्या या. उद्या मी मीटिंगमध्ये आहे." नाकावर बोट ठेवून ती बिरामसारखी खाकरली. लोक हसायला लागले. मग तिनं घंटी काढली. ट्रिंग. "एक मत." ट्रिंग. "अरे! दुसरं मत! चोरी! धरा त्याला! कुणाची रे ही घंटी?" खुर्चीतून उठून, हात कपाळाला लावून तिनं अंगणभर नजर फिरवली आणि भिंतीला टेकलेल्या लाल सायकलीपाशी येऊन थांबली. "अगं बाई! ही तर माझीच! मीच वाटली की!"

हसण्यानं अंगण फुटायचं बाकी राहिलं. लाल सायकलवाली पोरंही हसली, आणि ज्याचा अंगठा शिवशिवला होता तो तर खाली बसला. फक्त बिराम हसला नाही.

तो म्हणाला, "सिबो, आज थट्टा नको."

हे शब्द सेरेरानं जोलाला म्हणायचे नसतात. मी तरी माझ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

सिबोनं डोक्यावरची टोपी काढली. टोपीशिवाय ती एकदम म्हातारी दिसली. टोपी खुर्चीत ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा बाप गेला तेव्हा मी थट्टा केली, तेव्हा तू नको म्हणाला नाहीस. पाहुण्यांदेखत नको म्हणालास, मी ऐकलं. तिथेच चुकले. तेव्हाच तुझ्या तंगड्या ओढल्या असत्या तर आज ही वेळ नसती आली. आता तू आजही नको म्हणतोस. बरं. ही तुझ्या बापाची टोपी. यापुढे तुझ्या दारात जोला येणार नाही. तू खरंच मरशील ना बिराम, तेव्हाही नाही. सगळे नुसते रडतील."

बिरामची बायको खरोखरीची रडू लागली. बिराम टोपीकडे बघत उभा होता. त्याचा जबडा हलत होता. मला वाटलं, आता हा माणूस एक तर तिला हाकलणार, नाहीतर मोडणार.

शेवटी तो म्हणाला, "म्हातारे, मेलाय कौन्सिलर, तर टोपी कशाला त्याच्या खुर्चीत ठेवतेस? गुलामाची टोपी खुर्चीत ठेवत नसतात."

आवाज फाटला होता, पण थट्टा होती. बायकांनी सुस्कारा सोडला तो मला दारापर्यंत ऐकू आला.

सिबोनं टोपी पटकन उचलून डोक्यावर घातली. "उचलली. पण मयत मी अडवलंय. माझा मान दे, मग तिरडी हलेल."

"काय हवंय?"

"कमरेला आहे ते."

बिरामनं कमरेला हात घातला. मग आपल्या माणसांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "सगळ्यांनी बघा. मी रोहे जोबला काहीही देत नाही. माझ्या गुलामाला तिचा मान देतोय. रीत आहे." आणि कमरेची किल्ली सोडून त्यानं सिबोच्या त्या फाटक्या तळहातावर ठेवली.

कायद्यानं जे मागितलं ते त्यानं दिलं नव्हतं. इमामांना दिलं नव्हतं. हरणाऱ्याला मागे फिरायला एक दार लागतं, आणि ते दार गावात एकट्या सिबोकडेच होतं.

किल्ली ओच्यात खोचून ती बिरामच्या बायकोला म्हणाली, "रडतेस काय? कौन्सिलर वारला. बिरामला जेवायला वाढ. दोन दिवस धड जेवला नसेल."

त्याच दुपारी बर्फघर उघडलं. किल्ली सिबोनं रोहे जोबच्या हाती दिली. मला फार बरं वाटलं. तसं मला सहसा वाटत नाही. बिराम आता पुन्हा होडीवर जातो आणि सिबो त्याला रोज धक्क्यावर शिव्या घालते. तो तिच्या दुप्पट घालतो.

इथे गोष्ट संपली असं राजधानीच्या लोकांना वाटलं. मलाही वाटलं होतं. पण त्या दिवशी गाडी कौन्सिलच्या कचेरीकडे गेल्यावर सिबो रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"माटार, बर्फघराची किल्ली आता रोहेच्या कारकुनाकडे असते. ठाऊक आहे ना?"

"आहे."

"कारकून अकराला येतो. होड्या पहाटे येतात."

"मग तू जाऊन सांग की."

"मी जोला, ती जोब. माझं-तिचं काय नातं? मी बोलले तर ते भांडण होईल. तू कोण?"

उत्तर सगळ्या गावाला माहीत आहे. मी न्जाय. न्जाय आणि जोब या दोन आडनावांचं तेच आहे जे जोला-सेरेरांचं. जोबांनी न्जायांना भातखाऊ म्हणायचं, न्जायांनी जोबांना. रोहे निवडून आली तेव्हापासून मी तिला रस्त्यात बघून नुसती मान लववत होतो. मोठी बाई, कशाला उगाच.

"नंतर जातो," मी म्हटलं. "आत्ता तिच्याकडे पाहुणे आहेत."

सिबोनं टोपी मागे सरकवली. "म्हणूनच आत्ता जा."

गेलो. कचेरीच्या दारावर 'भेटीची वेळ' अशी नवी कोरी पाटी होती. पाटीखाली बसलेल्या माणसानं विचारलं, "काय काम आहे?" आत रोहे नव्या खुर्चीत बसली होती. समोर राजधानीची मंडळी, चष्मेवाल्या बाई वही उघडून. या वयात मी कशात तरी पडत होतो.

दारातूनच ओरडलो, "ए जोब! तुझा धनी दारात उभा आहे आणि तू भात गिळत बसलीस? मासे कुजवून खायची सवय लागली काय तुला? तुझा कारकून सूर्य डोक्यावर आल्यावर उठतो!"

पाटीखालचा माणूस उभा राहिला. पाहुण्यांनी माना वळवल्या. रोहेनं माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेच उमटलं जे कधीतरी बिरामच्या चेहऱ्यावर उमटलं होतं. लाज. मी ती ओळखली आणि मनात म्हटलं, संपलं.

मग ती खुर्चीतून उठली. "न्जायला आत कोणी सोडलं?" ती म्हणाली. "पातेल्यावर झाकण ठेवा रे कोणीतरी, एक शीत उरणार नाही!"

चष्मेवाल्या बाई गोंधळल्या. "हे कोण?"

"माझा गुलाम," रोहे म्हणाली, आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "जरा थांबा. आधी याचं ऐकून घेते, मग तुमचं."